घरी चालता तसं

त्याला सगळे पावलंवाला म्हणत आणि त्याला त्यात काही वावगं वाटत नसे. कामच तसं होतं. पडद्यावर माणूस चालायचा आणि आवाज याच्या पायांचा यायचा. नायिका उंच टाचांच्या बुटांत तरातरा जिना उतरली, की तो तोराही याचाच आणि टाचाही याच्याच. पन्नाशीला टेकलेला, मिशीवाला, पोट किंचित पुढे आलेला हा गृहस्थ लाल बुटांत ठुमकताना त्या नायिकेने पाहिला असता, तर तिने बहुधा चालणंच सोडलं असतं. पण त्याला कोणी पाहत नव्हतं. या धंद्यात तेवढं एक सुख असतं.

शूटिंग होतं तेव्हा माइक नटांच्या तोंडापाशी असतो. पायांकडे लक्ष द्यायला कोणाला वेळ आहे? त्यामुळे चालणं, बसणं, कपड्यांची सळसळ, कपबशीची किणकिण हे सगळं मागाहून वेगळं करून घालावं लागतं. श्रीमंत देशांत हे काम करणारी माणसं फार महाग पडतात, म्हणून तिकडचे सिनेमे मुक्या पायांनी इकडे यायचे आणि चालायला लागून परत जायचे. नट तिकडचे, पैसा तिकडचा, बर्फही तिकडचाच. त्या बर्फावरून चालायचं मात्र इकडे. बर्फ म्हणजे काय, तर जुन्या चामडी पिशवीत भरलेलं कॉर्नफ्लोअर. ती पिशवी मुठीने दाबली की ऐन हिवाळा ऐकू येतो. पावलंवाल्याने स्वतः बर्फ पाहिला होता तो फक्त सरबताच्या ग्लासात.

स्टुडिओ म्हणजे फर्निचरच्या दुकानाखालचं तळघर. खिडकी नाही, भिंतींना करडा फोम, आणि जमिनीत ओळीने चौकोनी खड्डे. एकात वाळू, एकात खडी, एकात वाळका पाला, मग फरशी, लाकूड, पत्रा. मांडणीवर अठ्ठेचाळीस जोड बूट, सगळे जुन्या बाजारातून आणलेले, कारण नवा बूट चोंबडा असतो, मध्येच करकरतो. एकदा तर रस्त्यात पुढे चाललेल्या एका वकिलाचे बूट याला इतके आवडले की याने त्याला तिथेच गाठून विकत मागितले होते. वकिलाने पोलिसाला हाक मारायचं तेवढं बाकी ठेवलं. कामावर पावलंवाला धुऊन धुऊन मऊ झालेला सुती सदरा घालायचा, घड्याळ काढून ठेवायचा आणि पोटभर जेवून यायचा, कारण माइकला पोटाची गुरगुर आधी ऐकू येते. काचेपलीकडे रेकॉर्डिंगवाली बाई बसायची. वीस वर्षं कानाला हेडफोन लावून ती स्वतः बोलायचं जवळजवळ विसरली होती.

घरी त्याचा हा कान चेष्टेचा विषय होता. जिन्यावरून कोण येतंय हे तो भिंतीकडे तोंड करून सांगायचा. वरच्या मजल्यावरच्या काकू गुडघ्याचं औषध घेत नाहीत हे त्यांच्या मुलाच्या आधी याला कळलं होतं. बायको म्हणायची, "चोरून काही खायची सोय नाही या घरात."

त्याचे वडील कवायतीचे सर. चौतीस वर्षं त्यांनी एकाच शाळेच्या मैदानावर पोरांना डावा-उजवा शिकवला. शिट्टी गळ्यात नसली तरी ती असल्यासारखे ते उभे राहायचे. पाय उचला, फरफट नको, हे त्यांचं पालुपद, आणि ते शाळा सुटली तरी सुटायचं नाही. पावलंवाला लहानपणी चपला घासत चालायचा. घासत आला की फाटकातून परत पाठवणी. कधी पाच वेळा, कधी दहा वेळा. "शेजाऱ्यांना कळलं पाहिजे का सरांचा मुलगा आळशी आहे ते?" असं ते दारातून विचारायचे. पुढे त्याच मुलाने चालण्याचीच नोकरी धरली, तेव्हा त्यांनी ओळखीच्यांना सांगताना घसा खाकरून घ्यायला सुरुवात केली. "साउंडमध्ये आहे," म्हणायचे. घरात मात्र म्हणायचे, "लोकांचे बूट घालून नाचतो." स्टुडिओ बघायला ते कधी आले नाहीत आणि यानेही कधी बोलावलं नाही. लाल बुटांचा प्रश्न होता.

पाच वर्षांपूर्वी सरांना झटका आला आणि उजवी बाजू गेली. वाचा परत आली, हात थोडाफार परत आला, पाय काही आला नाही. तेव्हापासून घरात दिवसभर एक आवाज असायचा. काठी टक्क, डावा पाय ठप्प, आणि मागाहून ओढत आणलेला उजवा, सर्रर. पहिल्या वर्षी तो आवाज आला की पावलंवाला हातातलं टाकून त्यांना आधार द्यायला धावायचा. हे त्याच्या बाजूने सांगायला हवं. मग सवय झाली. आई गेलेली, मुलगी लग्न होऊन लांब गेलेली. घरात तीन माणसं आणि हा एक आवाज.

आणि मग तो सिनेमा आला.

गोष्ट साधी होती. एक म्हातारा माडीवर राहतो, त्याला झटका येऊन गेलाय. खाली त्याची मुलगी स्वयंपाकघरात काम करता करता वर त्याची पावलं ऐकत असते. पाऊण सिनेमाभर म्हातारा दिसतच नाही, नुसता ऐकू येतो. शेवटच्या दहा मिनिटांत पावलं येत नाहीत आणि मुलगी छताकडे बघत राहते. म्हणजे नट होता तिकडचा, पण खरा म्हातारा तळघरातल्या लाकडी चौकोनावर घडायचा होता. पावलंवाला खूश झाला. इतकी मोठी भूमिका त्याला कधी मिळाली नव्हती.

पहिल्यांदा केलेलं नापास झालं. तिकडची एक बाई कॉम्प्युटरच्या पडद्यावर येऊन अभिप्राय द्यायची. अतिशय गोड बोलून नापास करायची. ती म्हणाली, हा माणूस प्यायलेला वाटतो. दुसऱ्यांदा म्हणाली, कोणीतरी लंगडण्याचं सोंग करतंय असं ऐकू येतं. तिसऱ्यांदा ती जरा थांबली आणि म्हणाली, "आम्हाला नट नकोय. माणूस हवाय."

मालकाने त्याला वर बोलावलं. मालक वाईट माणूस नव्हता, घाबरलेला होता. अलीकडे आणखी एका देशात हेच काम इकडच्याहून निम्म्यात होऊ लागलं होतं. आपण स्वस्त म्हणून काम आपल्याकडे आलं, हे इतकी वर्षं सगळ्यांनी आनंदाने विसरून टाकलं होतं. आता कोणीतरी जास्त स्वस्त निघाल्यावर आठवलं. "हा पास झाला तर त्यांचे पुढचे सहा सिनेमे आपल्याकडे," मालक म्हणाला. "नाही झाला तर मी ही जागा सोडतो. तू तुझे बूट घेऊन जा."

अठ्ठेचाळीस जोड बूट घेऊन माणूस या वयात जाणार कुठे?

त्या संध्याकाळी तो घरी आला, चहाचा कप हातात घेतला, आणि आतल्या खोलीतून आवाज आला. टक्क. ठप्प. सर्रर. त्याचा कप तोंडाशी थांबला. पाच वर्षं कानावरून जात होतं ते आज कानात गेलं. उजवा पाय नुसता ओढला जात नव्हता. आधी टाच अडकायची, मग एक क्षण काहीच नाही, त्या क्षणात सगळं अंग जोर गोळा करायचं, आणि मग पाय यायचा. त्याने नेमका तो क्षण गाळला होता. तिथेच तो नट ठरला होता.

त्यानंतरचे चार दिवस तो जे वागला ते त्याने बायकोलाही कधी धड सांगितलं नाही. "बाबा, जरा पेपर देता का?" "बाबा, खिडकी लावता का?" वडील उठायचे, हा डोळे मिटून बसायचा. एरवी पाण्याचा पेलाही त्यांना हातात आणून देणारा मुलगा एकाएकी त्यांना घरभर फिरवायला लागला. वडिलांना वाटलं, डॉक्टरांनी सांगितलं असेल चालवत जा म्हणून. ते तक्रार न करता उठायचे. एकदा तो म्हणाला, "बाबा, माझा चष्मा आणता का आतून?" ते आत गेले, शोधाशोध केली, रिकाम्या हाताने परत आले. बायको दारात उभी होती. ती म्हणाली, "चष्मा तुझ्या डोळ्यांवर आहे." वडील मोठ्याने हसले. तोही हसला. बायको हसली नाही.

मग त्याने मोबाइल रेकॉर्डिंगला लावून वडिलांच्या कॉटखाली सरकवला. दुसऱ्या दिवशी तळघरात ते ऐकलं तर पंख्याची घरघर, कुकरच्या शिट्ट्या, आणि पावलांच्या बरोबरीने वडिलांचा पुटपुटता आवाज. डावा. उजवा. डावा. उजवा. आपल्याच पायांना ते हळू आवाजात कवायत देत होते. कोणी ऐकत नाही अशा समजुतीने. हे ऐकून मुलाला रडू यायला हवं होतं. याने काचेवर टकटक करून रेकॉर्डिंगवाल्या बाईला विचारलं, "यातलं बोलणं काढून नुसती पावलं ठेवता येतील का?"

"नाही," ती म्हणाली. "एकात एक गेलंय."

त्या रात्री जेवताना तो म्हणाला, "बाबा, उद्या याल का माझं काम बघायला?"

वडिलांचा घास हातात राहिला. पाच वर्षांत ते दवाखाना सोडून कुठे गेले नव्हते. "मी?" ते म्हणाले. "मी तिथे काय करणार?" पण सकाळी सहालाच ते तयार होते. दाढी गुळगुळीत, इस्त्रीचा पांढरा शर्ट, आणि एका हाताने कसेबसे पॉलिश केलेले काळे बूट. पॉलिश शर्टाच्या बाहीला थोडं लागलं होतं. सुनेने ते पुसायला घेतलं तर म्हणाले, "राहू दे, बाही दुमडून घेतो. उशीर नको."

तळघरात त्यांचं सगळ्यांनी स्वागत केलं. मालक स्वतः खाली उतरला. त्याच्या धाकट्या भावाला म्हणे सरांनी शाळेच्या मैदानावर पळवलं होतं. खुर्ची आली, चहा आला. रेकॉर्डिंगवाली बाई चक्क दोन वाक्यं बोलली. वडिलांनी खड्डे पाहिले, काठीने वाळू टोचून पाहिली, बुटांच्या मांडणीपुढे उभे राहून लाल जोडाकडे नीट बघितलं आणि काही विचारलं नाही. "बरीच शिस्त आहे इथे," ते म्हणाले. त्यांच्या तोंडून ही वाहवाच होती. पावलंवाल्याचा जीव क्षणभर सुपाएवढा झाला. त्याने तिथेच थांबून त्यांना घरी नेलं असतं, तर ही गोष्ट सांगण्यासारखी उरली नसती.

"बाबा, जरा या लाकडावरून चालता का?" तो म्हणाला. "माइकची चाचणी घ्यायचीय."

"कुठून कुठपर्यंत?" वडिलांनी विचारलं.

त्यांनी चौकोनाच्या कडेशी पाय जुळवले. छाती काढली. चार माणसं बघत होती. सरांना एवढं पुरे होतं. त्यांनी काठी उचलून टेकली, डावा पाय टाकला, आणि उजवा कमरेतून असा फिरवून आणला की जमिनीला घासूच दिला नाही. कपाळाची शीर तटतटली. टक्क, ठप्प, ठप्प. सहा पावलं, स्वच्छ. टोकाला पोचून ते वळले, आणि त्यांच्या चेहऱ्यावर मैदानावरचं जुनं काहीतरी आलं. "जमलं का?" त्यांनी विचारलं.

"छान, सर," बाई स्पीकरमधून म्हणाली.

पावलंवाल्याच्या डोक्यात एकच होतं. हे उपयोगाचं नाही.

"छान आहे, बाबा," तो म्हणाला. "पण तसं नको. घरी चालता तसं चाला."

वडील त्याच्याकडे बघत राहिले. "घरी कसा चालतो मी?"

ते खरंच विचारत होते. ज्याला आपलं घोरणं ऐकू येत नाही त्याने विचारावं तसं. इथे गप्प बसायचं असतं, हे लहान पोराला कळलं असतं. पावलंवाल्याने वडिलांच्या हातातली काठी घेतली, त्यांचा हात टेबलाच्या कडेवर ठेवला, आणि सगळ्यांसमोर त्यांना चालून दाखवलं. खांदा पाडून, कंबर वाकडी करून, पाय फरफटत. नक्कल नेहमी असते तशी थोडी जास्तच झाली. मालक जिन्याकडे बघू लागला. बाईने हेडफोन काढून मांडीवर ठेवले.

"अस्सं," वडील म्हणाले. "असं का."

त्यांनी काठीसाठी हात पुढे केला. मग ते घरी चालतात तसे चालले.

चाळीस मिनिटं. आधी लाकूड, मग सतरंजी, मग तीन पायऱ्यांची पेटी. माणूस दमत जातो तशी चाल खरी होत जाते. टाच जास्त अडकते, तो मधला क्षण लांबतो. पावलंवाला माइक धरून त्यांच्या बुटांपाशी उकिडवा बसला होता, आणि त्याला ते ऐकून आनंद होत होता. हे लिहितानाही जड जातं, पण आनंदच होत होता. "अजून एकदा, बाबा." शर्ट पँटमधून बाहेर आला. "अजून एकदा." स्पीकरमधून बाईचा आवाज आला, "थांबायचं का?" त्याने मान वर न करता बोट फिरवून खूण केली, चालू ठेवा.

शेवटी वडील आपणहूनच खुर्चीत बसले. पाण्याचा पेला दोन्ही हातांनी धरून म्हणाले, "हे तुम्ही ठेवता का रे?"

"छे, छे. चाचणी आहे नुसती. नंतर पुसून टाकतो."

"टाक पुसून," ते म्हणाले.

तिसऱ्या दिवशी तिकडची बाई पडद्यावर आली तेव्हा तिचे डोळे ओले होते. मालकाने पावलंवाल्याला मुद्दाम शेजारी बसवलं होतं. ती म्हणाली, तिने ते चार वेळा ऐकलं, तिला तिचे वडील आठवले, आणि हे चाललंय कोण? मालकाने याच्या पाठीवर हात ठेवला. सांगायला एक वाक्य पुरलं असतं. यानेही एकच वाक्य सांगितलं.

"मीच," तो म्हणाला.

"तुम्ही फार मोठे कलावंत आहात," ती म्हणाली. याने हात जोडले. सहा सिनेमे मिळाले. मालकाने पेढे नाहीत पण बिस्किटांचे तीन पुडे फोडले. रेकॉर्डिंगवाल्या बाईने बिस्किट घेतलं नाही. दात दुखतोय म्हणाली.

घरातला आवाज त्या आठवड्यात बंद झाला.

सुरुवातीला त्याच्या लक्षात आलं नाही, आणि आलं तेव्हा त्याने कळून न कळल्यासारखं केलं. तो संध्याकाळी घरी यायचा तर वडील खिडकीशी खुर्चीत. जेवायला हाक मारली तर, "इथेच दे ग ताट." पाण्याचा तांब्या खुर्चीजवळ, औषधं खुर्चीजवळ, पेपर मांडीवर. तो घरात आहे तोवर ते उठतच नसत. बोलणं नेहमीसारखंच होतं, उलट जरा जास्तच गोड. "दमलास का रे?" विचारायचे. ते ऐकून याला आणखी मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं.

"तुमच्या दोघांचं काही बिनसलंय का?" बायकोने विचारलं.

"काही नाही."

"तू आलास की ते पाय आखडून बसतात. काय केलंस तू त्यांना तिथे नेऊन?"

"काही नाही म्हटलं ना."

त्याला कळत होतं. वडील रागावलेत, आणि रागावायलाच हवं. ज्याने आपल्या अपंगपणाची लोकांसमोर नक्कल केली त्याच्यासमोर कोण चालेल? माफी मागायची त्याने तीनदा तयारी केली. तीनदा त्यांच्या खुर्चीसमोर स्टूल घेऊन बसला. एकदा हवेबद्दल बोलला, एकदा विजेच्या बिलाबद्दल, आणि तिसऱ्यांदा त्यांची नखं कापून दिली. पायाची कापताना त्याने मान खाली घातली ती वर करवेना.

पंधरा दिवसांनी मालकाचा निरोप आला. तिकडच्यांनी सिनेमाच्या मधला एक भाग बदलला होता. म्हातारा एकदा जिना उतरून खाली येतो. बारा पायऱ्या, लाकडी. तीच चाल हवी, तसूभर फरक नको. "उद्या आण तुझ्या वडिलांना," मालक म्हणाला. तो सगळं जाणून होता, आणि त्याला यात काही गैर वाटत नव्हतं. "पुन्हा चाचणी म्हणून सांग."

पावलंवाला त्या दिवशी दुपारीच निघाला. वाटेत तो वाक्यं जुळवत होता. आणि ती माफीची नव्हती. बाबा, उद्या जरा याल का? बाबा, माइक बदललाय. बाबा, मालकांना तुमची फार आठवण येते. आपल्या घराच्या जिन्यात पोचल्यावर त्याने सवयीने बूट काढून हातात घेतले आणि दाराशी थांबून कान दिला.

काहीच नव्हतं. बायको या वेळी कामावर असते. घरात वडील एकटेच. पंखा नाही, खुर्ची नाही, काठी नाही. सिनेमातल्या शेवटच्या दहा मिनिटांत छताकडे बघणारी ती मुलगी त्याला आठवली. त्याने घाईघाईने किल्लीने दार उघडलं.

वडील चालत होते. पाठ दाराकडे होती. एक हात भिंतीला, दुसऱ्यात काठी, आणि काठीच्या टोकाला सुनेच्या जुन्या साडीची चिंधी बांधलेली. उजवा पाय ते गुडघ्यातून उचलत होते. टाच निघायची, पंजा निघायचा, पाय हवेतून पुढे यायचा आणि अलगद टेकायचा. ओठ हलत होते. डावा. उजवा. पाच वर्षांत एकाही डॉक्टरला न जमलेलं ते भिंत धरून करत होते, आणि खोलीत कसलाही आवाज नव्हता.

आणि ते बघून पावलंवाल्याच्या मनात पहिली गोष्ट आली ती ही, की आता जुळणार नाही. बारा पायऱ्या जुळणार नाहीत.

दुसऱ्या गोष्टी नंतर आल्या. पण पहिली ती होती, आणि तो ती पुढे आयुष्यभर विसरणार नव्हता.

वडील वळले. त्याला बघून चोरी पकडल्यासारखे हसले. "आज लवकर आलास? मी तुला अजून दाखवणार नव्हतो."

"बाबा, तुम्ही..."

"दुपारी करतो. तू नसताना. रोज थोडं थोडं." ते खुर्चीच्या पाठीला धरून उभे राहिले. "त्या दिवशी तुझ्या लोकांसमोर फार फरफट झाली रे. मला माहीतच नव्हतं मी असा चालतो. इतका आवाज होतो. तू दाखवलंस म्हणून कळलं. तुला किती खाली बघावं लागलं असेल. मालक, त्या बाई, सगळे. सरांचा मुलगा... म्हणजे सर असे चालतात." ते गडबडले. "म्हटलं, ते नीट होईपर्यंत तुझ्यासमोर नकोच."

ते रागावले असते तर सोपं गेलं असतं. राग त्याने घरी येऊन येऊन पंधरा दिवस खाल्ला असता आणि फिटला असता. पण ते लाजले होते. लाज ज्याला वाटायला हवी होती त्याला सोडून ती ते आपल्या पायात घेऊन बसले होते.

"तू तोंड तिकडे कर," वडील म्हणाले. "तू कानाचा माणूस. भिंतीकडे बघ आणि मला सांग."

तो भिंतीकडे तोंड करून उभा राहिला, हातात बूट तसेच. मागे वडील चालले. त्याने मोजलं, चौदा पावलं. आठव्याला टाच किंचित घासली. अकराव्याला थोडी जास्त. दुसऱ्या कोणाला ते कळलं नसतं.

"ऐकू आलं का काही?"

"नाही, बाबा. काहीच नाही."

"मग झालं," वडील म्हणाले, आणि धापा टाकत बसले. "मग आता ने मला एकदा. उद्या ने. त्यांनाही बघू दे."

उद्याच. त्याने स्वयंपाकघरात जाऊन मालकाला फोन केला. हळू आवाजात सांगितलं की वडील येतील, पण नुसते भेटायला. त्यांना कोणी चालायला सांगायचं नाही. बारा पायऱ्या आपण स्वतः करू. मालक म्हणाला, तू केलेलं नापास होतं. याने म्हटलं, आता होणार नाही. ते खरं होतं. तो मधला क्षण त्याने वडिलांकडून पुरता उचलला होता. आता तो त्याच्या पायात होता, हवा तेव्हा काढता येण्यासारखा.

सकाळी वडील पुन्हा सहालाच तयार झाले. पांढरा शर्ट, काळे बूट. नाडी त्यांना एका हाताने बांधता येईना, म्हणून पावलंवाला त्यांच्या पायाशी बसला. उजव्या बुटाचा तळ पुढच्या बाजूला एका कडेने झिजून पार पातळ झाला होता. त्याने त्यावरून अंगठा फिरवला. हा बूट आता झिजायचा थांबेल. तिकडे मात्र तो सिनेमा लागेल, आणि अंधारात बसलेल्या शेकडो अनोळखी माणसांच्या डोक्यावरून सर रोज फरफटत जातील.

"त्या दिवशीचं ते पुसलंस ना रे?" वडिलांनी वरून विचारलं.

त्याने नाडीची गाठ मारली, ती सैल वाटली म्हणून सोडली, आणि पुन्हा मारली.

"पुसलं, बाबा," तो म्हणाला.